जतन : एका शब्दाची कुळकथा

‘जतन’ हा शब्द मराठी घरांत कोणासहि नवा नाहीं. सासूनें सुनेच्या हातीं दिलेली नथ जतन करावयाची असते. शेतकऱ्याला पुढील मृगासाठीं बियाणें जतन करावयाचें असतें. आजोबांच्या हस्ताक्षरांतील चार पत्रें कोणी पेटीच्या तळाशीं जतन करून ठेवलेलीं असतात. शब्द इतका ओळखीचा कीं त्याचा अर्थ विचारल्यास आपणांस थोडें नवलच वाटेल. जतन करणें म्हणजे नीट ठेवणें, असें उत्तर आपण सहज देऊं. परंतु ठेवण्यासाठीं मराठींत शब्दांचा तोटा नाहीं. राखणें आहे, साठविणें आहे, सांभाळणें आहे, जपणें आहे. इतके शब्द असतांना जतनाची गरज कां पडली, आणि त्यानें वेगळें असें काय सांगितलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाहीं. आपल्या पूर्वजांचे लक्षावधि कागद आज कोणत्या स्थितींत आहेत, याचाहि उलगडा त्यांतून होतो.

प्रथम शब्दाचें कुळ पाहूं. जतन हा संस्कृत ‘यत्न’ शब्दाचा वंशज आहे. संस्कृतांतील आरंभींचा ‘य’ लोकभाषांत बहुधा ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, यज्ञोपवीताचें जानवें झालें, यंत्राचें जंतर झालें. दुसरी गोष्ट अशी कीं, जोडाक्षर उच्चारावयास जड गेलें म्हणजे बोलणारा मध्यें एक स्वर घालून तें सोडवून घेतो. रत्नाचें रतन आणि मंत्राचा मंतर याच रीतीनें झाला. या दोन्ही वाटांनीं चालत जाऊन यत्नाचें जतन झालें. म्हणजे ‘यत्न’ आणि ‘जतन’ हीं एकाच घरचीं दोन माणसें आहेत. एक संस्कृताचा पोषाख कायम ठेवून राहिला, दुसरा गांवांत मिसळून गेला. यात्रा आणि जत्रा हीं दोन्हीं रूपें मराठींत नांदतात व प्रत्येकाचा अर्थ थोडा निराळा आहे. तीच स्थिति यत्न आणि जतन यांची.

मात्र येथें अर्थानें जो फेरा घेतला तो लक्षांत घेण्यासारखा आहे. यत्न म्हणजे खटपट, श्रम, प्रयास. हिंदींत जतन शब्दानें हा मूळ अर्थ पुष्कळसा कायम ठेविला आहे. तेथें ‘जतन करना’ म्हणजे प्रयत्न करणें, उपाय योजणें. जैनांच्या आचारांत ‘यतना’ या संस्कृत शब्दापासून आलेला ‘जयणा’ हा शब्द आहे. चालतांना, बसतांना, वस्तु उचलतांना वा ठेवतांना कोणत्याहि जीवाला इजा पोंचूं नये म्हणून घ्यावयाची सावधानता, असा त्याचा अर्थ आहे. येथें श्रमाचा अर्थ मागें पडून दक्षतेचा पुढें आला. मराठींत व गुजरातींत जतनानें याच दिशेनें आणखी एक पाऊल टाकलें. जी वस्तु दक्षतेनें वागवावयाची, ती टिकून राहते. म्हणून दक्षतेचा शब्द टिकविण्याचा शब्द झाला. खटपट, मग काळजी, आणि मग राखून ठेवणें, अशी ही अर्थाची उतरंड आहे. वरचें मडकें आपण रोज हाताळतों. तळाशीं यत्न बसला आहे, याची आठवण आपणांस राहिलेली नाहीं.

हा तळ एकदां दिसला म्हणजे जतनाचे शेजारी शब्दहि निराळे दिसूं लागतात. ‘राखणें’ हा शब्द रक्ष् धातूपासून आला. राखण करणाऱ्याची दृष्टि बाहेर असते. पिकांत गुरें शिरतील, पांखरें पडतील, चोर येईल, म्हणून तो माळ्यावर बसतो. गोव्यांत व कोंकणांत गांवाचें रक्षण करणाऱ्या दैवताला राखणदार म्हणतात, तेंहि याच भावनेनें. सीमेबाहेरून येणारें संकट त्यानें परतवावें ही अपेक्षा. ‘साठविणें’ याची दृष्टि परिमाणावर असते. किती खंडी धान्य पेवांत गेलें हा तेथील प्रश्न. पण जी वस्तु आपल्या जागेवर पडल्या पडल्या नासते, जिला आंतूनच ओल, कसर, गंज किंवा विस्मृति खाते, तिला राखणदार काय करणार? कुलूप चोराला अडवितें, कसरीला अडवीत नाहीं. अशा वस्तूला वेळोवेळीं हात लावावा लागतो. उघडावी, पुसावी, वारा द्यावा, पुन्हां बांधावी. या कामाला जो शब्द हवा होता, तो यत्नाच्या पोटींच जन्मास यावयाचा होता.

आमच्या इतिहासांत या अर्थाची साक्ष देणारीं दोन प्रकरणें मोठीं बोलकीं आहेत. पहिलें शिवाजीमहाराजांच्या काळचें. राज्याभिषेकाच्या म्हणजे १६७४ च्या आगेमागें चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनीं एक पत्र पाठविलें. पावसाळ्यासाठीं दाणा आणि गवत मोठ्या कष्टानें मिळवून ठेविलें होतें. तें आरंभींच मन मानेल तसें खर्च केलें, तर भर पावसांत तें संपेल, घोडीं उपाशी मरतील, आणि मग लोक रयतेच्या घरांत शिरून कोणाचें धान्य, कोणाची भाकर, कोणाचें गवत ओढूं लागतील. तसें झालें म्हणजे रयतेला आपल्यापेक्षां मोंगल बरे वाटतील, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढें आणखी बारकावा आहे. रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. राज्य उभारणाऱ्या पुरुषाचें लक्ष उंदराच्या तोंडांतील वातीपर्यंत पोंचतें, हें पाहून आपण चकित होतों. परंतु गवत साठविणें निराळें आणि गवताचें जतन करणें निराळें, हा भेद जो जाणतो त्याचें लक्ष तेथवर जावयाचेंच. त्या गंजीवर घोडीं अवलंबून होतीं, घोड्यांवर लष्कराचें शील, आणि लष्कराच्या शीलावर रयतेचा विश्वास.

दुसरें प्रकरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचें. हा राजनीतीचा ग्रंथ १७१६ च्या सुमाराचा. त्यांत गडकोटांविषयींचें विवेचन प्रसिद्धच आहे. पण दारूखान्याविषयीं जें लिहिलें आहे त्याकडे माझें लक्ष विशेष वेधलें. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, त्याच्या तळाला गच करावी, दारूचीं मडकीं माच घालून त्यावर ठेवावीं, त्यांना सरद लागूं देऊं नये, हें सांगून अमात्य तेथेंच थांबत नाहींत. दर आठां पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः यावें, दारू, बाण इत्यादि सामान बाहेर काढून त्याला ऊन द्यावें, आणि पुन्हां मोहोर करून ठेवावें, अशी त्यांची आज्ञा आहे. दाराला मोहोर आहे म्हणून आंतील दारू शाबूत आहे असें अमात्य मानीत नाहींत. मोहोर फोडावी, पाहावें, ऊन द्यावें आणि पुन्हां मोहोर करावी. वेढा पडण्याच्या दिवशीं ओली दारू हातीं आली तर वर्षभराची राखण फुकट गेली, हें त्यांना ठाऊक होतें.

त्याच ग्रंथांत झाडांविषयींहि सांगितलें आहे. आरमारासाठीं लांकूड हवें असलें तरी रयतेच्या आंब्याफणसांना हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षां दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांसारखीं फार दिवस वाढविलेलीं असतात. एखादें झाड जुनें, जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावें. वस्तूचें मोल तिच्या बाजारभावावर नसून तिच्यावर खर्चिलेल्या श्रमांवर आहे, असा हा विचार आहे. यत्न आणि जतन हे शब्द सख्खे कां, याचें याहून चांगलें उदाहरण मला सांपडलेलें नाहीं.

आतां दारू आणि गवत सोडून विद्येकडे वळूं. वेदांचें जतन शतकानुशतकें पोथीवर विसंबून झालेलें नाहीं. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनीं तेच शब्द उलटसुलट जोडून म्हणावयाचे, म्हणजे एक अक्षर हललें तरी तें ध्यानांत यावें, अशी ती योजना होती. तेथें ठेवण्यासाठीं पेटीच नव्हती. रोजचा पाठ हेंच जतन. पोथ्यांचा काळ आल्यावर लेखक पोथीच्या अखेरीस वाचकाला विनवूं लागले कीं, हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वांचवा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. पोथी रुमालांत घट्ट बांधावी, वेखंडाची पूड घालावी, कडुनिंबाचा पाला ठेवावा, ही घरोघरची रीत होती. काजळाची शाई शेंकडों वर्षें फिकी पडत नाहीं, पण पाणी लागलें कीं पसरते. म्हणून पाण्याची भीति मोठी.

पण जतनाला एक धोका आहे, आणि तो बाहेरून येत नाहीं. वस्तूवरील प्रेमच कधीं कधीं तिला झांकून टाकतें. महानुभाव पंथाचा इतिहास याची साक्ष देतो. म्हाइंभटांनीं १२७८ च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढील धामधुमींत मूळ ग्रंथ नाहींसा झाला, तेव्हां अनुयायांनीं तो स्मरणानें पुन्हां उभा केला. त्यानंतर परक्यांच्या हातीं ग्रंथ पडूं नयेत म्हणून पंथाच्या लोकांनीं सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिपी योजिल्या. ग्रंथ टिकले, आणि शुद्ध टिकले, याचें श्रेय त्यांना दिलें पाहिजे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. ल. भावे, राजवाडे प्रभृति संशोधकांनीं त्या लिपींचा उलगडा करीपर्यंत मराठींतील इतकें जुनें गद्य आपल्या भाषेंत आहे, हें बाकीच्या महाराष्ट्राला ठाऊकच नव्हतें.

महानुभावांनीं धर्मभावनेनें जें केलें, तेंच पुढें सरकारनें राज्यकारभाराच्या सोयीसाठीं केलें. ती हकीकत पेशवे दप्तराची. ‘दप्तर’ हा शब्द फारसी ‘दफ्तर’ पासून आला, आणि त्याचें मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलें कातडें, ज्यावर पूर्वीं लिहीत, त्यांत सांपडतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुण्याचे सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यांत गेले. पुढें इनाम कमिशनला या कागदांची गरज लागली. कोणाचें इनाम खरें, कोणाचें खोटें, हें ठरवावयास तेच पुरावे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कागदांसाठीं पुण्यांत भक्कम दगडी इमारत उभी राहिली. हजारों रुमाल तेथें मांडून ठेविले गेले. आग, पाऊस आणि चोर यांपासून ते सुरक्षित झाले. या बाबतींत इंग्रजांचे उपकार मानले पाहिजेत. कारण त्याच काळांत खासगी वाड्यांतील कित्येक दप्तरें वाळवीनें खाल्लीं, तर कित्येक रद्दीच्या भावानें वाण्याच्या दुकानीं गेलीं.

पण या रुमालांतील इतिहास वाचावयाचा कोणी? न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या थोड्या लोकांच्या खटपटीनें आणि गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या उताऱ्यांमुळें पेशव्यांच्या रोजनिशींचा कांहीं भाग उजेडांत आला. सर्वसाधारण संशोधकाला मात्र तो दरवाजा दीर्घ काळ बंदच होता. अखेर १९२९ सालीं गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचें काम सोंपविण्यांत आलें, आणि १९३० ते १९३४ या काळांत त्यांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. पेशवाई बुडाल्यापासून या क्षणापर्यंत शंभरांहून अधिक वर्षें गेलीं होतीं. तितका काळ त्या कागदांची राखण उत्तम झाली होती, यांत शंका नाहीं. जतनाला आरंभ मात्र रुमाल सुटल्यावर झाला.

ज्यांना तो दरवाजा उघडा नव्हता, त्यांनीं दुसरी वाट धरली होती. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन सरदारांचे कागद तपासून १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह काढण्यास आरंभ केला. १८९८ सालीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढें त्यांचे बावीस खंड झाले. राजवाड्यांच्या हातीं ना पैसा होता ना अधिकार. ते गांवोगांव हिंडत. वाड्याच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यांत, कोठीच्या अंधारांत कागद शोधीत. मालकाची समजूत घालीत. नकला करून घेत. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्यांत त्यांचा पुढाकार होता. १९२६ च्या अखेरच्या दिवशीं ते धुळ्यास वारले, आणि पुढल्याच महिन्यांत तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. हा मनुष्य इतिहासाइतकाच शब्दांच्या मुळांचाहि शोधक होता, हें विशेष. त्याच्या हयातींत यत्न आणि जतन हे दोन शब्द पुन्हां एकाच अर्थाला येऊन मिळाले, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

श्रोतेहो, ही सारी हकीकत जुनी म्हणून सोडून देण्यासारखी असती तर मी ती इतक्या विस्तारानें सांगितली नसती. आजची अडचण निराळी, पण त्याच जातीची आहे. वर सांगितलेले बहुतेक कागद मोडींत आहेत. मोडी ही हात न उचलतां झरझर लिहावयाची, व्यवहाराची लिपि. छापखान्याला बाळबोध सोयीची, म्हणून छापील जगांतून मोडी मागें पडली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतूनहि गेली. आज अशी स्थिति आहे कीं, घरांतील खरेदीखत, वाटणीपत्र, पणजोबांचें पत्र हातांत आहे, अक्षर न अक्षर शाबूत आहे, आणि घरांतील एकालाहि तें वाचतां येत नाहीं. संग्रहालयांतील कागदांची कथा हीच. कागद राहिला आणि वाचणारा गेला, तर त्याला राखण म्हणतां येईल, जतन म्हणतां येणार नाहीं.

उपाय नाहींत असें नाहीं. सरकारच्या पुराभिलेख खात्यातर्फे व संशोधन मंडळांतर्फे मोडीचे वर्ग भरतात. संगणकावरील अक्षरांचा जो जागतिक संकेत आहे, त्या युनिकोडमध्यें २०१४ सालीं मोडीचा समावेश झाला, म्हणजे यंत्रालाहि ती लिपि आतां परकी राहिली नाहीं. पुष्कळ दप्तरांच्या छायाप्रती निघत आहेत. येथेंहि एक भ्रम टाळला पाहिजे. छायाप्रत घेतली म्हणजे काम संपलें, असें नव्हे. वीस पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या चकत्यांवर मजकूर उतरविला, त्या वाचणारीं यंत्रें आज दुर्मिळ झालीं आहेत. जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणीं मजकूर वेळोवेळीं हलवावाच लागतो. अमात्यांच्या हवालदाराची फेरी येथेंहि चुकत नाहीं. आठां पंधरा दिवसांच्या ऐवजीं आठां दहा वर्षांनीं, इतकाच फरक.

ज्यांच्या घरीं जुने कागद आहेत त्यांनीं थोड्या गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ होईल. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावूं नये. कांहीं वर्षांत तिचा डिंक कागदालाच खातो. उष्णता देऊन प्लॅस्टिकच्या आवरणांत कायमचें बंद करून घेण्याची हौस करूं नये. तें आवरण पुढें काढतां येत नाहीं. दारूगोळ्याला ऊन मानवतें, कागदाला मानवत नाहीं. त्याला सावलींत, वाहत्या हवेंत पसरावें. भिंतीला लागून वा ओल्या जमिनीवर ठेवूं नये. वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, गांठोडें सोडावें, पाहावें आणि पुन्हां स्वच्छ सुती रुमालांत बांधावें. आणि या साऱ्यापेक्षां महत्त्वाचें म्हणजे, घरांतील एका तरुण मुलानें वा मुलीनें मोडी शिकावी. नेटानें बसल्यास कांहीं महिन्यांत ती वाचावयास येते. मग ज्या दिवशीं गांठोडें सुटेल, त्या दिवशीं त्यांतील एक तरी कागद मोठ्यानें वाचला जावा, आणि त्यांत कोणाचीं नांवें आहेत, कोणतें शेत, कोणतें देणें, कोणतें भांडण आहे, हें लहानथोरांनीं ऐकावें.

शब्दांचे अर्थ बदलतात, हा भाषेचा धर्म आहे. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. यत्नाचें जतन झालें, यांत मराठीनें कांहीं गमावलें नाहीं. तिनें एक शहाणपणाचा निष्कर्ष एका तीन अक्षरी शब्दांत बांधून आपल्या हातीं दिला. पूर्वजांचें लेखन जतन केलें आहे, असें ज्या ज्या वेळीं आपण म्हणूं, त्या त्या वेळीं त्या शब्दाचा मूळ धनी यत्न आपल्याला विचारील, शेवटचें गांठोडें सोडलें होतें केव्हां? त्याला देण्यासारखें उत्तर प्रत्येक घरांत असावें, इतकीच इच्छा आहे.